व्हीसीव्ही रॅकमध्ये आपोआप वाजत राहणारं अ‍ॅम्बियंट संगीत: कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

व्हीसीव्ही रॅक म्हणजे संगणकावरचा सिंथेसायझर: मॉड्यूल नावाचे छोटे डबे केबलने जोडून आवाज बनवायचा. अशा जोडणीला पॅच म्हणतात. जळगाव-धुळ्याकडची काही मुलं मला त्यांचे पॅच पाठवतात. तक्रारी दोनच असतात. एक, "सगळं जोडलं, पण नुसता घंटांचा गोंधळ होतो." दुसरी, "दोन मिनिटं छान वाटतं, मग तेच तेच येतं." पॅच उघडून बघितला की दोन्हीचं मूळ एकच निघतं. आधी रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारं मॉड्यूल) लावलेला असतो, मग रँडम (आपोआप कसंही व्होल्टेज निवडणारं मॉड्यूल) सोडलेला असतो आणि सगळ्यांत शेवटी स्वर शोधणं चाललेलं असतं. क्रमच उलटा झालेला असतो. शेतात आधी सारे पाडतात, दांड काढतात आणि मग पाणी सोडतात. आधी पाणी सोडून मागून फावडं घेऊन धावलं तर चिखलच होणार.

नेमकं काय बांधायचं आहे ते आधी सांगतो. आमच्या चोपड्याकडे केळीच्या बागेत ठिबकचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर जरा वेळ तिथेच उभे राहा. लॅटरलमध्ये उरलेलं पाणी हळूहळू निथळत असतं. एक ड्रिपर दर चार सेकंदांनी थेंब टाकतो, शेजारचा सहा सेकंदांनी, लांबचा एखादा बराच वेळ गप्प राहून मध्येच टाकतो. वाळलेल्या पानावर पडलेला थेंब टप्प वाजतो, ओल्या मातीतला ऐकूही येत नाही. नळी एकच, पाणी एकच, तरी दोन ड्रिपर एका तालात पडत नाहीत. कुणी वाजवत नसतं, पण कान तिथून हलत नाही. आपल्या पॅचमध्येही नळी आणि पाणी आपण ठरवायचं. थेंब कधी पडेल, तेवढंच मोकळं सोडायचं.

## तयारी

सॉफ्टवेअर. व्हीसीव्ही रॅक २ ची मोफत आवृत्ती पुरते. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर ती चालते. प्रो आवृत्ती लागते ती रॅक दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आत प्लगिन म्हणून वापरायची असेल तर. आज त्याची गरज नाही.

मॉड्यूल. फंडामेंटल हा संच रॅकसोबतच येतो. लायब्ररीत खातं उघडून आणखी तीन मोफत गोष्टी घ्या: ऑडिबल इन्स्ट्रुमेंट्स, व्हॅली आणि व्हीसीव्हीचा स्वतःचा रेकॉर्डर. लायब्ररीत निवडल्यावर रॅकच्या मेनूतून अपडेट करा आणि रॅक बंद करून पुन्हा उघडा. हे न केल्यामुळे "मॉड्यूल दिसतच नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. मोबाईलच्या नेटवर काम करत असाल तर सगळं एकाच बैठकीत उतरवून घ्या, पुढच्या कामाला नेट लागत नाही. पहिल्या पॅचसाठी चौथा संच घेऊ नका. शंभर मॉड्यूल जमवून एकही पॅच पूर्ण न केलेली मुलं मी बघितली आहेत.

हेडफोन. अतिमंद्रातला पांढरी एकचा सा, म्हणजे ६५.४१ हर्ट्झ, लॅपटॉपच्या स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाही. तो ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत नेलात, तर हेडफोन लावल्यावर कानठळ्या बसतील.

ऊन. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोनला हा प्रयोग करू नका. आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो आणि आवाजात तडतड सुरू होते. मग चूक नसलेल्या पॅचमध्ये माणूस चूक शोधत बसतो. पहाटे किंवा रात्री बसा आणि लॅपटॉप गादीवर न ठेवता पाटावर ठेवा.

कागद आणि पेन. हसू नका, दुसरा टप्पा अख्खा कागदावरच आहे.

## १. आवाज बाहेर येतो का ते बघा

रिकाम्या जागेवर राइट-क्लिक करून ऑडिओ मॉड्यूल घ्या, त्यात आपलं साउंड कार्ड निवडा. सॅम्पल रेट ४८,००० ठेवा. ब्लॉक साइज १०२४ ठेवा. त्याने साधारण २१ मिलिसेकंदांचा उशीर होतो, पण इथे कळफलकावर कुणी वाजवत नाही, त्यामुळे उशिराने काही बिघडत नाही आणि प्रोसेसरला उसंत मिळते.

आता ऑडिओ मॉड्यूलचा आवाज अगदी कमी करून व्हीसीओच्या (स्वर निर्माण करणारं मॉड्यूल) साइन आउटपुटमधून केबल ऑडिओला जोडा.

तपासा: सलग, गुळगुळीत स्वर यायला हवा. काही हलवलं नसेल तर तो २६१.६३ हर्ट्झ असतो, म्हणजे पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी एक. पेटी किंवा तानपुऱ्याचं अ‍ॅप घेऊन जुळवून बघा. इथेच तडतड येत असेल तर पुढे जाऊ नका, ब्लॉक साइज वाढवा.

## २. कागदावर कुंपण घाला

तीन गोष्टी लिहा.

सा कोणता. पहिल्या खेपेला पांढरी एकच ठेवा.

कोणते स्वर. पाच पुरतात. भूपाचे सा रे ग प ध घेतले तर कोणतेही दोन स्वर एकावर एक आले तरी टोचत नाहीत, म्हणून सुरुवातीला तेच घ्या. मालकंसाचे सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी घेतले तर रात्रीचा रंग येतो, पण मग खालच्या ड्रोनमध्ये, म्हणजे सतत वाजणाऱ्या आधारस्वरात, पंचम ठेवता येत नाही, मध्यम ठेवावा लागतो. तानपुरा लावताना गवई हेच करतात. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत. चलन आणि न्यास यंत्राला कळत नाहीत. आपण रागाकडून फक्त स्वरांची निवड उसनी घेतो आहोत, त्यामुळे तयार झालेल्या तुकड्याला रागाचं नाव देऊ नका.

कोणता आवाज किती सेकंदांनी. इथे बहुतेक जण फसतात. तीन आवाजांना ८, १२ आणि १६ सेकंद दिले तर ४८ सेकंदांनी तिन्ही पुन्हा एकत्र येतात आणि कानाला ते लगेच कळतं. ७, ११ आणि १३ दिले तर तीच जुळणी पुन्हा यायला १,००१ सेकंद लागतात, म्हणजे पावणेसतरा मिनिटांच्या आसपास. पुढे कधी १७ सेकंदांचा चौथा आवाज जोडलात तर हा काळ पावणेपाच तासांजवळ जातो. एक सोडून दुसऱ्या कोणत्याही आकड्याने ज्यांतल्या दोघांना भाग जात नाही असे आकडे घ्यायचे, एवढंच त्यामागचं गणित आहे.

हर्ट्झमध्ये लिहून ठेवा: ७ सेकंद म्हणजे ०.१४२९, ११ म्हणजे ०.०९०९, १३ म्हणजे ०.०७६९.

## ३. एकच आवाज, कोरडा

व्हीसीओचं ट्रँगल आउटपुट व्हीसीएफला (फिल्टर), व्हीसीएफचं लो-पास व्हीसीएला (आवाजाची पातळी ठरवणारं मॉड्यूल), व्हीसीए ऑडिओला. आवाज कसा चढेल आणि उतरेल ते ठरवणारं एडीएसआर घ्या आणि त्याचं आउटपुट व्हीसीएच्या सीव्हीला (नियंत्रणाच्या व्होल्टेजचं इनपुट) द्या. एक एलएफओ, म्हणजे संथ फेऱ्या घेणारं मॉड्यूल, घेऊन त्याच्या फ्रिक्वेन्सीच्या नॉबवर राइट-क्लिक करा आणि आकडा टाइप करा: ०.१४२९. हाताने फिरवून हा आकडा सापडत नाही. एलएफओचं स्क्वेअर आउटपुट एडीएसआरच्या गेटला द्या.

अटॅक २ सेकंद, डिके १ सेकंद, सस्टेन ७० टक्के, रिलीज ३ सेकंद.

सावधान: गेट आणि ट्रिगर एक नव्हेत. गेट हा काही वेळ वर राहणारा संकेत असतो, ट्रिगर हा जेमतेम एका मिलिसेकंदाचा टोला असतो. दोन सेकंदांचा अटॅक असलेल्या एडीएसआरला ट्रिगर दिलात तर तो वर चढायला लागण्याआधीच गेट बंद होतं आणि आवाज येतच नाही किंवा टिचकीएवढा येतो. आपण स्क्वेअर दिला आहे. सात सेकंदांतले साडेतीन सेकंद तो वर असतो, म्हणून अटॅक पुरा होतो.

तपासा: आवाज हळूच वर येतो, थांबतो, उतरतो आणि थोडी शांतता जाऊन पुन्हा येतो. किमान दहा फेऱ्या ऐका. एकाच स्वरावर, रिव्हर्बशिवाय हा आवाज ऐकवत नसेल तर फिल्टर आणि एडीएसआर इथेच नीट करा. कोरडा आवाज वाईट असेल तर रिव्हर्बने तो लपत नाही, पसरतो.

## ४. स्वर मोकळे सोडा, पण दोरीने

या टप्प्याला वेळ द्या. क्रम असा: रँडम, मग ८व्हर्ट (व्होल्टेज लहान करणारं), मग क्वांटायझर (व्होल्टेज ठरलेल्या स्वरांवर बसवणारं), मग व्हीसीओचं १ व्होल्ट प्रति ऑक्टेव्ह इनपुट, म्हणजे एका व्होल्टला एक सप्तक.

रँडम मॉड्यूलचं स्टेप्ड आउटपुट वापरा. शेपचा नॉब पूर्ण डावीकडे न्या, नाहीतर एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या पायऱ्या वाजतात. तो शून्याच्या वरच राहणारं व्होल्टेज देतो की दोन्हीकडे जाणारं, हे तिथल्या बटणावर ठरतं. आपल्याला ० ते १० व्होल्ट हवं. स्कोप मॉड्यूलमध्ये व्होल्टेजचा आलेख बघून खात्री करा, पायऱ्या सपाट दिसायला हव्यात.

दहा व्होल्ट म्हणजे दहा सप्तकं. "घंटांचा गोंधळ" जन्मतो तो इथे. ते व्होल्टेज थेट क्वांटायझरला दिलं तर एक स्वर मध्य सप्तकात, दुसरा वटवाघळाने ऐकावा एवढा वर. म्हणून मध्ये ८व्हर्ट आणि त्याचा नॉब १५ टक्क्यांवर. आता उरतात दीड व्होल्ट, म्हणजे दीड सप्तक. माणसाच्या गळ्याला झेपेल एवढाच हा पल्ला आहे आणि म्हणूनच तो कानाला आपला वाटतो.

क्वांटायझरवर पेटीसारख्या बारा पट्ट्या दिसतात. कागदावरचे पाच स्वर चालू, बाकीचे बंद.

सावधान: ८व्हर्ट क्वांटायझरच्या नंतर लावू नका. स्वरावर बसवलेलं व्होल्टेज पुन्हा लहान केलं की स्वर सुटतात आणि सगळं बेसूर होतं. आधी आकार, मग चाळण.

सावधान: आवाज खालच्या सप्तकात हवा असेल तर व्हीसीओचा फ्रिक्वेन्सी नॉब अंदाजाने फिरवू नका. क्वांटायझरनंतर ऑक्टेव्ह मॉड्यूल लावा, ते नेमकं एकेक सप्तकच हलवतं. नॉब चुकून हलला असेल तर त्यावर डबल-क्लिक करा, तो मूळ जागी येतो.

आता रँडमला नवा स्वर कधी निवडायचा ते सांगा. एलएफओचं स्क्वेअर एडीएसआरला जातंच आहे, तेच रँडमच्या ट्रिगरलाही द्या. एका आउटपुटमधून कितीही केबल काढता येतात.

तपासा: दर सात सेकंदांनी एक स्वर, पाचांपैकीच. पेटीवर सा धरून ऐका. शेवटाकडे विरत चाललेला स्वर अचानक दुसऱ्या स्वरावर उडी मारत असेल तर रिलीज लांब झाला आहे. हिशोब सोपा आहे: गेट साडेतीन सेकंद उघडं, उरले साडेतीन. रिलीज त्याहून कमीच हवा. शेपटी लांब हवी असली तरी ती रिलीजने लांबवू नका, ते काम नंतर रिव्हर्ब करेल.

## ५. शांततेची सोय

आत्ता हा आवाज नेमाने, दर सात सेकंदांनी येतो आहे. ठिबकातला तो गप्प राहणारा ड्रिपर अजून आपल्याकडे नाही. ऑडिबल इन्स्ट्रुमेंट्समधलं बर्नुली गेट घ्या. ते प्रत्येक गेट आलं की नाणं फेकतं आणि गेट एकतर ए मधून सोडतं किंवा बी मधून. नॉब मधोमध असला की निम्मे-निम्मे.

एलएफओचं स्क्वेअर बर्नुलीला द्या. बर्नुलीच्या ए मधून दोन केबल काढा: एक एडीएसआरला, एक रँडमच्या ट्रिगरला. बी रिकामं ठेवा.

दोन्ही केबल ए मधूनच का? बरेच जण एडीएसआरला बर्नुलीतून देतात आणि रँडमची जुनी केबल एलएफओवरच राहू देतात. मग नाणं विरुद्ध पडलं तरी स्वर बदलतो. पुढे रिलीज थोडा वाढवला की आवाज विरत असतानाच आतला स्वर सरकतो. हा दोष मला स्वतःला सापडायला तीन रात्री गेल्या होत्या, कारण तो क्वचित घडतो आणि ऐकताना वाटतं की आपल्यालाच भास झाला.

तपासा: पाच मिनिटं ऐका. कधी लागोपाठ तीन स्वर, कधी वीस-पंचवीस सेकंद काहीच नाही. शांतता नकोशी वाटून नॉब फिरवायचा मोह होईल. फिरवू नका, अजून दोन आवाज यायचे आहेत.

## ६. तीन आवाज आणि खाली ड्रोन

हा सगळा संच निवडून डुप्लिकेट करा, दोनदा. मग प्रत्येकात फरक करा, नाहीतर एकच माणूस तीन खोल्यांतून बोलतोय असं वाटतं.

दुसरा आवाज ११ सेकंदांचा, एक सप्तक खाली, साइन, अटॅक ४ सेकंद. तिसरा १३ सेकंदांचा, मूळ सप्तकात, ट्रँगल, फिल्टर जास्त बंद, बर्नुलीचा नॉब असा की तो तिघांत सर्वांत कमी बोलेल. पहिल्या आवाजाला रँडमचा स्प्रेड थोडा कमी द्या. पुढचा स्वर आधीच्याच्या जवळ पडतो आणि चालीसारखं काहीतरी जाणवतं.

सावधान: तिघांना एकच रँडम देऊन केबल वाचवू नका. तिघेही एकाच स्वराचा हात धरून चालतील.

ड्रोनसाठी दोन व्हीसीओ, दोन्ही साइन. एकाला ६५.४१ हर्ट्झ टाइप करा, दुसऱ्याला ६५.५१. फरक ०.१ चा, म्हणून दोघं मिळून दर दहा सेकंदांनी एकदा भरतात आणि ओसरतात. एवढ्याने ड्रोन जिवंत होतो, वेगळी हालचाल द्यावी लागत नाही. दोघांना मिक्स मॉड्यूलमध्ये एकत्र करून पातळी निम्मी करा.

आता दोन व्हीसी मिक्सर घ्या, एक डाव्या कानाचा, एक उजव्याचा. चारही आउटपुट दोन्ही मिक्सरना द्या. पहिला आवाज डावीकडे जास्त, तिसरा उजवीकडे जास्त, दुसरा आणि ड्रोन मधोमध.

सावधान: एकेक आवाज ५ व्होल्टपर्यंत जातो, चौघांची बेरीज २०. ऑडिओ मॉड्यूलची हद्द १० व्होल्ट आहे, त्यापुढे आवाज फाटतो. मिक्सरवर प्रत्येकाला ४० टक्के दिले की बेरीज ८ वर राहते. आवाज कमी वाटला तर हेडफोनचा वाढवा, मिक्सरचा नको.

## ७. संथ हालचाल

तिन्ही फिल्टरना वेगवेगळे एलएफओ द्या, फार हळू: ०.०१३, ०.०१९ आणि ०.००७ हर्ट्झ. म्हणजे सुमारे ७७, ५३ आणि १४३ सेकंदांची फेरी. फिल्टरवरच्या सीव्हीच्या नॉबला फक्त १०-१५ टक्के द्या. ऐकताना "फिल्टर हलतोय" असं कळलं तर जास्त झालं. थोड्या वेळाने प्रकाश बदलल्यासारखं वाटलं तर बरोबर.

## ८. रिव्हर्ब, आता

व्हॅलीचं प्लॅटो. डावा मिक्सर डाव्या इनपुटला, उजवा उजव्याला, तिथून ऑडिओला. ड्राय बऱ्यापैकी ठेवा, वेट शून्यापासून हळूहळू वाढवा आणि "आता छान झालं" वाटलं की तिथून थोडा मागे या. इनपुटच्या लो-कटने खालचा भाग कापा, म्हणजे ड्रोनचा सा रिव्हर्बमध्ये कमी शिरतो. तो शिरला की खालचा सगळा भाग गढूळ होतो.

तपासा: वेट पूर्ण बंद करून एक मिनिट ऐका. पॅच तरीही ऐकवतो का? नसेल तर तिसऱ्या टप्प्यावर परत जा.

## ९. एक तास हात न लावता

पॅच सेव्ह करा. रॅक दर १५ सेकंदांनी स्वतःही सेव्ह करतो, पण त्याला नाव नसतं, त्यामुळे नाव देऊन वेगळी प्रत ठेवा.

मग माउस सोडा आणि उठा. छोट्या स्पीकरवर हळू आवाजात लावून घरातली कामं करा. नवखे इथेच हरतात. दर दोन मिनिटांनी येऊन काहीतरी फिरवतात आणि शेवटी पॅच कसा होता तेच हरवून बसतात. काही खटकलं तर कागदावर वेळ आणि तक्रार लिहा. बदल तासानंतर, एका वेळी एकच.

माझी खरी परीक्षक आजी आहे. ओट्यावर शेंगा सोलत बसलेली असते. एका पॅचला पाच मिनिटांत तिने विचारलं, "काय वाजी ऱ्हायनं रे?" तिसरा आवाज फार वर गेला होता. तो एक सप्तक खाली घेतला. पुढच्या संध्याकाळी शेंगा संपेपर्यंत तिने वर पाहिलं नाही.

सावधान: या वेळात तडतड आली तर पॅच मोडू नका. एफ३ दाबून कोणतं मॉड्यूल प्रोसेसर खातंय ते बघा. व्ह्यू मेनूतून फ्रेम रेट कमी करा. इंजिन मेनूतले थ्रेड गरज पडली तरच वाढवा, थ्रेड वाढले की उष्णताही वाढते.

## १०. रेकॉर्डिंग

हा पॅच उद्या उघडला तर तोच तुकडा पुन्हा वाजणार नाही. आवडला तर आजच पकडायचा.

प्लॅटोचे दोन्ही आउटपुट रेकॉर्डरलाही द्या आणि फॉर्मॅट वेव्ह निवडा. ४८,००० आणि १६ बिट स्टीरिओला तासाला सुमारे ६९१ एमबी लागतात, तेवढी जागा आहे का ते आधी बघा. लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय लांब रेकॉर्डिंग करू नका. मी एकदा रात्रभर चालवलेलं रेकॉर्डिंग पहाटे वीज गेली तेव्हा गमावलं. फाईल होती, पण अर्धवट, उघडलीच नाही. तेव्हापासून वीस-वीस मिनिटांचेच तुकडे घेतो.

पॅच उघडल्या-उघडल्या सगळे एलएफओ सहसा एकत्रच सुरू होतात, त्यामुळे पहिले काही स्वर एकमेकांवर आदळतात. दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, ते पांगले की रेकॉर्ड दाबा. थांबवताना आधी दोन्ही मिक्सरचे मुख्य नॉब अर्ध्या मिनिटात हळूहळू शून्यावर आणा, मग रिव्हर्बची शेपटी पूर्ण विरेपर्यंत थांबा. हेडफोनमध्ये खोलीतल्या पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला की रेकॉर्डर बंद करा.